चिप्पीचा चोथा

आमच्या घरी शेवग्याच्या शेंगांची आमटी झाली की प्रत्येकाच्या ताटाशेजारी चघळलेल्या चोथ्याचा ढीग लागतो आणि कोणाचा ढीग मोठा यावरून चेष्टा चालते. अशा घरात राहून माझी धाकटी जाऊ आहारातल्या तंतूंवर संशोधन करत होती. बाजरीची भाकरी, घेवडा, हुलगा आणि वर पातीचा कांदा खाणाऱ्या माणसांना ती सांगायची, की लोकांच्या पोटात तंतू जात नाहीत. आम्ही एकमेकांकडे बघायचो. कोणत्या लोकांच्या?

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, पण पाय सदा बारामतीकडं. दवाखाना बारामतीला, लग्नाचा बस्ता बारामतीला, आणि जावेचं कॉलेजही बारामतीलाच. तिचा मुलगा दहावी झाला तेव्हा तिनं जाहीर केलं, की आता मी शिकणार. लग्नाआधी अर्धं राहिलेलं अन्नतंत्रज्ञानाचं शिक्षण ती पूर्ण करणार होती. पहिलं वर्ष कसंबसं निभलं. दुसऱ्या वर्षी घरात कुरकुर वाढली, कारण पहाटेच्या धारा ती काढायची, आणि अभ्यास वाढला तसा म्हशींचा वेळ चुकायला लागला. तेव्हा आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, निवाडा दिला. दिवाळी उलटेपर्यंत काय ते पुरं करायचं. पुरं झालं तर एमआयडीसीतल्या एका कंपनीनं प्रयोगशाळेत जागा कबूल केली होती, तिथं खुशाल जायचं. नाही झालं तर पुस्तकं माळ्यावर आणि आपण गोठ्यात. जावेनं मान डोलावली. तिच्या नवऱ्यानंही डोलावली, पण तो कारखान्यावर पाळीत असतो, त्याची मान झोपेनंही डोलते.

आता आमच्याकडं ऊस आहे, मका आहे, डाळिंब आहे. कशातूनही काढावेत तंतू. पण नाही. तिच्या मॅडमनी विषय दिला तो खारफुटीच्या झाडाच्या फळाचा. ते झाड समुद्राच्या खाडीत, खाऱ्या चिखलात उभं असतं. त्याला चिप्पी म्हणतात. आमच्यापासून समुद्र केवढा लांब, तर आमच्यातल्या निम्म्या माणसांनी तो लग्नानंतर अलिबागच्या सहलीत पाहिला, आणि उरलेल्यांनी टीव्हीवर. मी जावेला म्हटलंसुद्धा, की बाई, तुझ्या मॅडमना आपल्या तालुक्याचा काही राग आहे का. ती हसली आणि म्हणाली, नवीन काहीतरी पाहिजे असतं ताई. मग सांगत बसली. फळ आंबट असतं, गर भरपूर असतो, झाडाखाली पडून नुसतं वाया जातं. त्याचा तंतू काढून बिस्किटात, नूडल्समध्ये मिसळला तर मैदा खाणाऱ्या लोकांचं पोट सुधारेल. मला त्या लोकांचा हेवा वाटला. त्यांचं पोट सुधारायला माझं स्वयंपाकघर वापरलं जाणार होतं.

दसरा झाल्यावर ती फळं आणायला गेली. कॉलेजनं परवानगीचे कागद केले होते. झाडाला हात लावायचा नाही, खाली पडलेलीच उचलायची, असं ठरलं होतं. कोकणात तिची मावशी राहते, तिच्याकडं उतरून तिनं गुडघाभर चिखलात फळं वेचली. येताना बर्फ घातलेले थर्माकोलचे खोके घेऊन आली. तसले खोके आमच्याकडं भिगवणहून मासे आणतानाच दिसतात, त्यामुळं गल्लीतल्या चार मांजरी आणि शेजारची एक वहिनी लगोलग दारात हजर झाल्या. खोकं उघडलं तर आत हिरवी, गोल, पेरूएवढी फळं. प्रत्येकाच्या बुडाला चांदणीसारखी जाड पाकळी चिकटलेली. वास असा, की ताक चार दिवस उन्हात विसरलं तर यावा. मांजरी गेल्या. वहिनी थांबली, कारण तिला हे कशासाठी ते विचारायचं होतं. मी सांगितलं, पोट साफ होण्यासाठी. ती म्हणाली, मग इसबगोल काय वाईट आहे? मी तिला चहा विचारला.

आबा मात्र खोक्याजवळ उकिडवे बसले. एक फळ हातात घेऊन फिरवून बघितलं, नखानं टोकरलं. मग जावेला बारीक बारीक विचारायला लागले. झाड केवढं असतं, पाणी खारट म्हणजे किती खारट, भरतीला बुडतं तरी मरत नाही का. ती सांगत गेली. मीठ त्या झाडाला बाधत नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. आबांनी ते दोनदा ऐकलं. ते का, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आलं नाही. आमची कालव्याखालची पट्टी पाणी देऊन देऊन मीठ फुटून पांढरी पडलेली आहे. तिथं ऊस गुडघ्याच्या वर येत नाही. आबांनी तिथं जिप्सम टाकून बघितलं, चर काढून बघितले, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडून बघितला. त्या पट्टीपुढं ते हरले आहेत, आणि हरलेल्या माणसाला कुठलंही झाड नातेवाईक वाटतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याच आठवड्यात विजेचं काम निघालं आणि दोन-तीन दिवस कुलूप लागलं. फळं तर मऊ पडायला लागली होती. मॅडम म्हणाल्या, पहिली पायरी घरीच कर, चोख कर, पुढचं वाळवणं नि मोजणं इथं करू. झालं. माझं मोठं पातेलं गेलं, माझी चाळणी गेली, फ्रिजमधला मधला कप्पा गेला. तिनं फळं धुतली, पाकळ्या काढल्या, साली काढल्या, आणि फळं उकळत्या पाण्यात टाकली. त्यानं म्हणे रंग काळा पडत नाही. मग गर कुस्करून कोमट पाण्यात भिजत ठेवला. त्यातला आंबटपणा, साखर, मीठ, तुरटपणा सगळं पाण्यात उतरू द्यायचं. ते पाणी ओतून द्यायचं, परत कोमट पाणी, परत ओतायचं, पाणी नितळ येईपर्यंत. शेवटी फडक्यातून पिळायचं. हे सगळं तिनं रात्रीच्या जेवणावर आम्हांला सांगितलं. आम्ही ऐकलं. निदान मान तरी हलवली. आमच्या घरात मान हलवण्याला कधी कोणी कमी पडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मॅडमकडून काही रसायनं आणायला बारामतीला जायचं होतं. निघताना तिनं मला बजावलं, ताई, पातेल्याला कुणी हात लावू देऊ नका, मी आल्यावर धुवून पिळते. मी म्हटलं, जा तू. राखणीला मी होते. आता राखण म्हणजे काय, तर भाकऱ्या चालल्या होत्या आणि पातेलं माझ्या पाठीमागं होतं.

थोड्या वेळानं आबा आत आले. म्हणाले, पोरीवर लई कामाचा ताण हाय, पिळायचं तेवढं मी उरकून टाकतो. मला त्या म्हाताऱ्याचं इतकं कौतुक वाटलं. ज्या माणसानं पुस्तकं माळ्यावर टाकायचा दम दिला, तोच सुनेला हातभार लावायला आलाय. फडकं मीच काढून दिलं, स्वच्छ, धुतलेलं. आबांनी अंगणात बैठक मारली, गर चाळणीवर घासून बी वेगळं काढलं आणि बाकीचं फडक्यातून पिळायला लागले. त्यांच्या हातात अजून गुऱ्हाळाच्या दिवसांतलं बळ आहे. रस घागरीत पडला, बी चाळणीवर राहिलं, आणि उरला तो चोथा.

इथं आमच्या घराण्याची काय सवय आहे ती सांगते. आमच्या पिढ्यान् पिढ्या ऊस गाळण्यात गेल्या. रस काहिलीत, चिपाड चुलवाणात. रस म्हणजे माल, चोथा म्हणजे सरपण नाहीतर वैरण. हे आम्हांला कुणी शिकवावं लागत नाही, पाळण्यातून कळतं. त्यामुळं आबांनी काय केलं, तर रस स्वच्छ स्टीलच्या डब्यांत भरला. मी ते डबे फ्रिजमध्ये रचले, वर झाकणं लावली आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘हात लावू नये’. आणि चोथा घमेल्यात भरून आबांनी म्हशीच्या गव्हाणीत टाकला. म्हशीनं तो मिटक्या मारत खाल्ला. खारट-आंबट, त्यात पेंडीसारखा भुसभुशीत, तिला आणखी काय पाहिजे. खाऊन झाल्यावर ती घमेल्याकडं बघत राहिली. मला अजून आठवतं, मी आबांना म्हटलं होतं, बघा, जनावराला कळतं काय चांगलं ते.

जाऊ आली, हातपाय धुतले आणि पातेल्यापाशी गेली. पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. मी फ्रिज उघडून डबे दाखवले. माझा चेहरा कसा असेल याची मला कल्पना आहे. बक्षीस घ्यायला उभ्या राहिलेल्या माणसाचा असतो तसाच.

ती डब्यांकडं बघत म्हणाली, "आणि चोथा?"

"तो म्हशीला घातला," मी म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चुलीजवळच्या पाटावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तोच तर तंतू."

मग मला रात्रीचं सगळं आठवलं. पाणी ओतून द्यायचं, म्हणाली होती. ओतून! मी मात्र ते ओतायचं पाणी डब्यांत भरून त्यावर चिठ्ठ्या लावल्या होत्या.

पुढचा तास आमच्या घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण लिहिते. आमचे हे शेतातून आले, त्यांना सांगितलं तर ते थेट गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पोटाला हात लावून आले. त्यांची काळजी वेगळीच. संध्याकाळच्या दुधाची फॅट घसरली तर संकलन केंद्रावर काय सांगायचं? मी त्यांना म्हटलं, इथं बाईचं वर्ष वाया चाललंय आणि तुम्हांला फॅटची पडली आहे. ते म्हणाले, उद्या सकाळी शेणातून मिळेलच की तुमचा तंतू, तोही धुतलेला. हा विनोद त्यांना स्वतःला इतका आवडला की तो त्यांनी जेवतानाही केला आणि झोपतानाही केला.

जावेनं मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, मोठी भरती येऊन गेली, खाली पडलेलं सगळं खाडीत वाहून गेलं, आता झाडावर राहिलेली बारकी आहेत. झाडावरची तर तोडायची नव्हती. मग मॅडमना फोन. मॅडमनी सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, फळाचं काही म्हणजे काहीच उरलं नाही का? साली तर पहिल्याच दिवशी उकिरड्यावर गेल्या होत्या. जाऊ म्हणाली, बी असेल. आणि म्हणता म्हणता तिचा आवाज बदलला. बियांतही तंतू असतो. काढायला जिकिरीचा, दळायला चिवट, पण असतो. मॅडम म्हणाल्या, विषयात थोडा बदल करून घेऊ, बी असेल तर उद्या घेऊन ये.

आता बी कुठं आहे, तर कुणालाच ठाऊक नाही. मी आबांना हाक मारली. आबा दुपारपासून घरात नव्हतेच. शोधत शोधत आम्ही दोघी कालव्याखालच्या पट्टीवर गेलो तर तिथं ते एकटेच, पांढऱ्या पडलेल्या मातीत वाफा बांधत होते. शेजारी ओलं गोणपाट पसरलेलं, आणि त्यात गुंडाळलेलं सगळं बी. मग मला त्या पिळण्याचा अर्थ लागला. सुनेचा ताण वगैरे सब झूट. म्हाताऱ्याला बी पाहिजे होतं. मिठातलं झाड आपल्या मिठात लावायचं होतं.

मी चिडलेच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मला दुसरीच गोष्ट आठवली. ते फळ माझ्याच पातेल्यात, माझ्याच गॅसवर, चांगलं खळाखळा उकळलेलं होतं. ते बी उकडलेलं होतं. ते काय उगवणार, कपाळ. मी जावेकडं बघितलं. तिलाही ते माहीत होतं. ती अन्नतंत्रज्ञानाची. तिला एका वाक्यात काम उरकता आलं असतं, की आबा, हे मेलेलं बी आहे, द्या इकडं. पण ती गोणपाटाशेजारी खाली बसली.

"आबा," ती म्हणाली, "हे बी मला पाहिजे."

आबांनी खोरं थांबवलं. "समदं?"

"समदं. त्याच्याशिवाय माझं पुरं व्हायचं नाही."

आबा पट्टीकडं बघत राहिले. मग गोणपाटाची चारी टोकं गोळा करून त्यांनी गाठोडं तिच्या हातात दिलं. म्हणाले, "चोथा गेला तो माझ्याकडनं गेला. आता हे माझ्याकडनं न्हाय गेलं पायजे." आणि वाफ्याचा बांध पायानं सारखा करून आमच्यापुढं चालायला लागले.

मला त्या दोघांचा इतका वैताग आला. एकानं चोरून करायचं, दुसरीनं खरं सांगायचं नाही, आणि मी मधल्यामधे दोन्ही गोष्टी गिळायच्या. त्या रात्री बी गोणपाटाच्या धाग्यांतून निवडून काढायचं काम आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. सुतळीचा तंतू बियांत आला तर म्हणे आकडे चुकतील. म्हणजे तंतूसाठी चाललेल्या खटाटोपात आता तंतू निवडून फेकायचा होता. आबा चष्मा लावून, ताटात बी पसरून, एकेक धागा वेचत होते. आमचे हे दोनच मिनिटं बसले. मी मिक्सरवर थोडं बी दळून बघितलं, तर मिक्सरनं धूर काढला. आबा म्हणाले, डंकावर नेऊ. जावेनं हात जोडले. डंकावर आदल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांची मिरची कांडली गेली होती. तिखट तंतू खाऊन शहरातल्या लोकांचं पोट किती सुधारलं असतं कोणास ठाऊक.

पुढचं सगळं कॉलेजातच झालं. ती सकाळी जायची आणि अंधार पडल्यावर यायची. बी वाळवलं, दळलं, गरम पाण्यानं आणि अल्कोहोलनं धुतलं, परत वाळवलं, चाळलं. शेवटी एवढ्या खटाटोपातून जे निघालं ते तिनं एका छोट्या बरणीत घरी आणून दाखवलं. फिकट तपकिरी भुकटी, नाचणीच्या पिठासारखी. बरणी मुठीत मावत होती. तिनं चमचाभर भुकटी पाण्यात टाकली तर ती पाणी पिऊन टम्म फुगली. आम्ही सगळे वाटीवर वाकून बघत होतो. आमचे हे म्हणाले, एवढंच? मी त्यांना कोपरानं ढोसलं.

दिवाळी झाली. प्रबंध दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं, की गराचा तंतू काढणं सोपं असताना बीच का घेतलं. मॅडम खाली बघायला लागल्या. जाऊ म्हणाली, सर, गराचा चोथा माझ्या सासऱ्यांनी म्हशीला घातला.  मग त्या सरांनी विचारलं, म्हशीनं खाल्ला का? आवडीनं, ती म्हणाली. सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते देव जाणे, पण ती पास झाली. संध्याकाळी पेढे घेऊन आली आणि पहिला पेढा तिनं आबांपुढं धरला.

आबांनी तो तोंडात टाकला, चघळला, आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "पुढल्या साली जाशील तवा वाईच बी आण मला. पर कच्चं आण. उकडलेलं न्हाय उगवत."

जाऊ माझ्याकडं बघायला लागली आणि मी तिच्याकडं. म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं. पट्टीवर माहीत होतं, की रात्री धागे वेचताना कळलं, की त्याआधीच, ते आम्ही विचारलं नाही. आणि मी! त्यांचं मन दुखावू नये म्हणून इतके दिवस ती एक गोष्ट पोटात धरून बसले होते. कुणाशी बोलले नाही, माहेरी गेले तिथंसुद्धा बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल, हे मला ओळखणाऱ्यालाच कळेल. आणि त्याचा कुणाला उपयोग? कुणालाच नाही.

जावेनं नवीन वर्षात नोकरी धरली. आता ती सकाळी सातला स्कूटरवरून एमआयडीसीकडं निघते, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं, डब्यात भाकरी आणि हुलग्याची उसळ. आबा फाटकापर्यंत जाऊन तिची गाडी वळणाआड होईस्तोवर उभे राहतात आणि मग मला हाक मारतात. कारण सकाळच्या धारा आता माझ्याकडं आल्या आहेत. ती म्हैस, तीच ती, माझा हात लागला की पान्हा चोरते. मी तिला पेंड घालते, गोंजारते, गाणं म्हणते. ती मान वळवून माझ्यामागच्या रिकाम्या घमेल्याकडं बघते.